गोव्यात मागतो ते गडचिरोलीत देतो का?

(प्रताप नगर, नागपूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

 

सुरुवातीलाच सांगतो, की 'आम्ही' म्हणजे एक माणूस नाही. याच भागातले आम्ही पाच-सहा जण महिन्यातून दोनदा एकत्र बसून वाचतो. एरवी कादंबऱ्या, आत्मचरित्रं. या वेळी ठरवलं की एक कायदा वाचायचा, आणि पुस्तकाचं परीक्षण करतो तसं त्याचं करायचं. निवडला तो गोव्याचा राजभाषा कायदा, १९८७ चा. नागपुरात बसून गोव्याचा कायदा कशाला, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. वाचता वाचता लक्षात आलं की आपण वाचतोय गोवा, पण प्रश्न येतोय आपल्याच दाराशी. तो कसा आला ते टप्प्याटप्प्यानं सांगतो.

कायदा काय म्हणतो

आधी थोडी पार्श्वभूमी. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं, एवढाच प्रश्न. वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. त्या वेळच्या वादात भाषा मध्यभागी होती. कोंकणी ही मराठीची बोली असेल तर गोवा महाराष्ट्राचा, आणि ती स्वतंत्र भाषा असेल तर गोवा गोव्याचा, असा दोन्ही बाजूंचा साधारण युक्तिवाद. १९७५ मध्ये साहित्य अकादमीनं कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. पुढे १९८५ ते ८७ राजभाषेचं आंदोलन पेटलं. कोंकणीवाले एका बाजूला, मराठीवाले दुसऱ्या. रस्त्यावर हिंसा झाली, माणसं मेली. त्यातून ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेत कायदा झाला, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं.

आता कायदा उघडू. फार लहान आहे, चहा संपायच्या आत वाचून होतो. आमच्या मते त्याचा सगळा जीव तीन जागी आहे.

पहिली जागा व्याख्येची. 'कोंकणी भाषा' म्हणजे देवनागरी लिपीतली कोंकणी. झालं, एका ओळीत लिपीचा वाद मिटवला. पण गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाची कोंकणी पिढ्यान् पिढ्या रोमी लिपीत लिहिली जाते. त्यांची प्रार्थना, त्यांची तियात्राची संहिता, त्यांची वर्तमानपत्रं रोमीत. कोंकणीसाठीच्या आंदोलनात हा समाज मोठ्या संख्येनं उतरला होता. आंदोलन जिंकलं, आणि त्यांची लिखित भाषा व्याख्येच्या बाहेर राहिली. रोमीला समान दर्जा द्या ही मागणी अजून संपलेली नाही.

दुसरी जागा मराठीची. राजभाषा कोंकणी, पण मराठीचाही वापर 'सर्व किंवा कोणत्याही' शासकीय कामांसाठी करता येईल. हा 'किंवा' आम्ही बराच वेळ चघळत बसलो. सर्व कामांसाठी वापरली तरी कायदा पाळला, आणि एखाद्याच कामासाठी वापरली तरी पाळलाच. मराठीवाद्याला सांगता येतं, 'बघा, सर्व म्हटलंय.' कोंकणीवाद्याला सांगता येतं, 'बघा, राजभाषा एकच आहे.' दोघंही खरं बोलतात. तडजोड म्हणून हे वाक्य हुशारीचं आहे. त्या वेळी रस्त्यावर रक्त सांडत होतं, तेव्हा ही हुशारी गरजेचीही असेल. पण हक्क म्हणून वाचाल तर हातात काही उरत नाही, कारण अमुक खिडकीवर, अमुक अर्जाला, अमुक मुदतीत मराठीत उत्तर मिळेलच असं त्यात बांधलेलं नाही.

तिसरी जागा इंग्रजीची. इंग्रजीचा वापर चालू ठेवायला वाट मोकळी आहे. ती ठेवणं भागही होतं, कारण राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार उच्च न्यायालय आणि कायद्याचा अधिकृत पाठ यांत इंग्रजीचीच चलती आहे. त्यामुळे गंमत अशी, की कोंकणीला राजभाषा करणारा हा कायदा स्वतः इंग्रजीत आहे. (हशा) हसू नका, आपल्याकडेही खटला नागपूर खंडपीठात गेला की पुढचं सगळं इंग्रजीतच होतं.

आता निकाल पाहा. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के. पण वाचनाचं चित्र वेगळं. 'गोमन्तक' १९६२ पासून निघतोय, मराठी दैनिकं घरोघरी जातात. कोंकणी 'सुनापरान्त' मात्र बंद पडलं. म्हणजे बोलायला कोंकणी, वाचायला मराठी, आणि सरकारी कागद पाहिला तर इंग्रजी. १९९० मध्ये सरकारनं ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते स्थानिक भाषांच्या माध्यमालाच. त्यामुळे चर्चच्या शाळा कोंकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाला अनुदान खुलं झालं. दोन भावंडं हद्दीवरून भांडत राहिली आणि शेत तिसऱ्यानं कसलं, तसंच हे.

लहान देशांनी काय केलं

इथे थोडं बाहेर जाऊन येऊ. गोवा साडेचौदा लाख लोकांचा. जगात एवढे किंवा याहून लहान, आणि तरीही अनेक भाषांचे देश आहेत. लक्झेंबर्ग घ्या. १९८४ च्या कायद्यानं तिथे लक्झेंबर्गी ही राष्ट्रभाषा झाली. कायदे मात्र फ्रेंचमध्ये. कारभार फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गी अशा तिन्हीत. ऐकायला गोव्यासारखंच गुंतागुंतीचं. पण एक कलम महत्त्वाचं आहे. नागरिकानं या तिन्हींपैकी ज्या भाषेत अर्ज केला, त्याच भाषेत शक्यतो उत्तर द्यायचं. 'शक्यतो' ही पळवाट तिथेही आहेच. तरी कर्तव्य कोणाचं हे स्पष्ट आहे. ते कार्यालयाचं आहे, नागरिकाचं नाही.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडचं. देश फार लहान नाही, पण त्यातली रोमान्श भाषा फार लहान. बोलणारे लाखाच्याही आत. १९३८ मध्ये लोकांनी मतदान करून तिला राष्ट्रभाषा केलं, नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी. म्हणजे मत दिलं ते मुख्यतः जर्मन आणि फ्रेंच बोलणाऱ्यांनी. पुढे १९९६ च्या मतदानानं असं झालं की रोमान्श बोलणाऱ्याशी व्यवहार करताना संघराज्यासाठी ती अधिकृत भाषा. सगळ्या देशाला रोमान्श शिकायची सक्ती नाही. पण त्या माणसाला त्याच्या भाषेत उत्तर मिळायला हवं. तिथेही दुखणं आहे. १९८२ मध्ये रोमान्शच्या बोलींवर एक सामायिक लेखी रूप बेतलं, ते शाळांत आणल्यावर पालकांनी विरोध केला आणि पुष्कळ ठिकाणी शाळा पुन्हा स्थानिक रूपाकडे गेल्या. रोमी कोंकणीच्या लोकांना ही गोष्ट सांगितली तर लगेच कळेल.

या वाचनातून आम्हाला एक कसोटी सापडली. राजभाषा कायद्यात भाषेचा गौरव किती आहे हे पाहू नका. मोठा भाग बोलणाऱ्याचा अर्ज, लहान भाग बोलणाऱ्याचा अर्ज आणि शाळेत पहिल्या दिवशी आलेलं मूल, या तिघांशी तो कसा वागतो ते पाहा.

आता आपल्या घरी

आणि इथे आमची पंचाईत झाली.

गोव्यातल्या मराठीबद्दल आपण हळहळतो. बेळगावबद्दल तर रक्त उसळतं. बेळगावची मराठी माणसं काय मागतात? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळी केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन काढलं. ज्या भागात अल्पसंख्याक भाषक १५ टक्क्यांच्या घरात आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं सूत्र तिथून आलं. जिल्ह्यात त्यांचं मोठं बहुमत असेल तर ती भाषा त्या जिल्ह्यापुरती राजभाषा मानावी, असाही विचार त्यात आहे. शाळेचं सूत्र त्याआधीचं, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतलं. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर मातृभाषेतून शिकवायची सोय करावी. शिवाय १९५६ लाच घटनेत ३५० अ कलम आलं. प्राथमिक टप्प्यावर अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करायचा.

या सगळ्याचा आधार घेऊन सीमाभागातला मराठी माणूस सातबारा मराठीत मागतो, बसची पाटी मराठीत मागतो. बरोबरच आहे ते. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत.

पण हेच सूत्र घेऊन इथून निघा आणि गडचिरोलीच्या पुढे जा. धानोरा, एटापल्ली, भामरागड. भामरागड-एटापल्लीत आदिवासी बहुसंख्य आहेत, घरात माडिया-गोंडी बोलली जाते. १५ टक्क्यांचा आकडा तिथे अडचणीचा ठरायचं कारण नाही. तिथल्या तहसीलच्या फलकावर गोंडी किती दिसते? वर्गात दहाच्या वर गोंडी मुलं असतात, बहुतेक वेळा सगळा वर्गच गोंडी असतो. तरी पहिलीचं पुस्तक मराठीच.

आमच्यातल्या एकानं त्या बाजूला काही वर्षं मास्तरकी केली. तो सांगतो, पहिलीत एक मुलगी होती, वर्गात तोंडच उघडायची नाही. ह्यानं नोंदवहीत लिहिलं, 'अबोल'. एकदा शाळा सुटल्यावर हा तिच्या मागच्या रस्त्यानं निघाला, तर ही पोरगी मैत्रिणींशी अखंड बोलत चाललेली. हा विहिरीजवळ थांबला तर तिनंच बादली दाखवून विचारलं, 'येर?' येर म्हणजे पाणी. तिला पाणी ठाऊक होतं, मास्तरला येर ठाऊक नव्हतं. तो म्हणतो, नोंदवहीतला तो शेरा तिच्याबद्दल नव्हता, माझ्याबद्दल होता. वर्षभर अबोल मीच होतो.

याला उत्तर म्हणून सांगितलं जातं, 'अहो, गोंडी ही बोली आहे.' हे वाक्य ओळखीचं वाटतं का? हेच वाक्य आपण कोंकणीबद्दल बोललो होतो. कोंकणी निदान मराठीच्या कुळातली आहे. गोंडी तर द्राविड कुळातली. तेलुगू, कन्नड तिच्या नात्यातल्या. ती मराठीची बोली असूच शकत नाही. पण सरकारी कागदावर 'बोलीभाषा' शब्द आला की तिची किंमत आपोआप खाली येते.

संख्या पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात कोंकणी बोलणारे सुमारे २२ लाख ५६ हजार, गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार. कोंकणी १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. संथाली आणि बोडो २००३ मध्ये आल्या. गोंडी नाही. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. कोंकणीला गोवा मिळाला. गोंडी बोलणारे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणात वाटले गेले. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा प्रत्येक मोठ्या भाषेनं आपापला तुकडा घेतला, आणि गोंडी प्रत्येक तुकड्यात अल्पसंख्य झाली. एकत्र मोजली तर मोठी, राज्यागणिक मोजली तर लहान.

नागपूरला हे माहीत असायला हवं

हे सगळं नागपुरात सांगताना जरा लाज वाटते. हे शहर १७०२ च्या सुमारास वसवलं बख्त बुलंद शाहनं, देवगडच्या गोंड राजानं. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप नावाचा मिशनरी इथे राहिला. गोंडांमधली लिंगोची गाथा त्यानं नोंदवून ठेवली, आणि त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेम्पलनं ती कागदपत्रं १८६६ मध्ये छापली. त्याच्या नावाचं कॉलेज आपण सगळे ओळखतो, ती गाथा फारच थोड्यांना माहीत. आपल्याच काळात मोतीरावण कंगाली नागपुरात नोकरी सांभाळून गोंडीचा अभ्यास करत राहिले, २०१५ मध्ये गेले. त्यांचे काही निष्कर्ष वादग्रस्त आहेत, ते वादग्रस्तच राहू देत. पण एवढा उद्योग शेजारी चालला असताना आपल्या मराठी वाङ्मयीन वर्तुळानं किती दखल घेतली, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

आणखी एक. दोन भाषांत राज्य चालवायचा अनुभव नागपूरला आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची ही राजधानी. १९५० च्या कायद्यानं इथे हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. डॉ. रघुवीर याच शहरात बसून दोन्ही भाषांना चालतील असे शासकीय शब्द घडवत होते. ते फार संस्कृतनिष्ठ झाले अशी टीका तेव्हाही झाली, ती आम्हालाही पटते. पण दोन भाषा एका सचिवालयात नांदू शकतात हे त्या काळात दिसलं. फक्त त्या दोन भाषांच्या शेजारी तिसरी, इथली सर्वांत जुनी, उभी होती आणि तिला कोणी आत बोलावलं नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजभाषा एक झाली. गोंडीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगाव म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागानं परवानगी नाही म्हणून नोटीस दिली. गाव नागपूर खंडपीठात गेलं. आता ही गोष्ट उलटी करून पाहा. समजा बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या गावानं स्वतःच्या पैशानं मराठी शाळा काढली असती आणि तिला अशी नोटीस आली असती, तर इथल्या चौकात काय झालं असतं? आपण काय काय घोषणा दिल्या असत्या?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: गोंडी एकसारखी नाही. गडचिरोलीची वेगळी, आदिलाबादची वेगळी, बस्तरची वेगळी. लिपीही ठरत नाही. देवनागरी आहे, मंगलसिंह मसराम यांची १९१८ ची लिपी आहे, गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांची आहे. प्रश्न खरा आहे. पण कोंकणीच्या लिप्या मोजा, पाचपर्यंत जातात. मराठीचंही प्रमाण रूप छापखाना आणि सरकारी शाळा आल्यावर पक्कं झालं. आधी शाळा, मग प्रमाणभाषा, असाच क्रम असतो. प्रमाण रूप दाखवा, मग शाळा देतो, ही अट आपल्याला कुणी घातली नव्हती. आणि गोंडी लोक थांबलेलेही नाहीत. निरनिराळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी कार्यशाळा घेऊन २०१८ मध्ये एक सामायिक शब्दकोश पुढे आणला. दोन्ही गोंडी लिप्या आता युनिकोडमध्ये आहेत. गोव्याची चूक मात्र टाळावी. एका ओळीच्या व्याख्येनं लिपी ठरवून टाकू नये, ज्यांची भाषा त्यांना ठरवू द्यावं.

दुसरा आक्षेप मनातला, तो कोणी मोठ्यानं बोलत नाही: आत्ताच मराठीवर इतकी संकटं आहेत, त्यात गोंडीचं कुठे काढता? यावर आमचं म्हणणं असं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा विषय निघाला, तेव्हा आपण काय म्हटलं? लहान मुलावर परकी भाषा लादू नका. सरकारला जूनअखेर निर्णय मागे घ्यावा लागला. तो युक्तिवाद उत्तम होता. पण भामरागडच्या मुलाला पहिलीत परकी भाषा कोणती? मराठी. मग तो युक्तिवाद आपण तत्त्व म्हणून वापरला की सोय म्हणून, हे तिथे ठरतं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. मोठेपण मिळालं की धाकट्यांची जबाबदारीही येते, असं आपल्या घरात शिकवतात.

मागणी म्हणून आम्ही मोठं काही म्हणत नाही. आठवी अनुसूची हा दिल्लीचा विषय, त्याला लागेल तेवढा वेळ लागेल. राज्याला आजही करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. जिथे वर्गात दहा मुलं गोंडी, कोरकू किंवा कोलामी बोलणारी आहेत तिथे पहिली-दुसरीला ती भाषा येणारा शिक्षक. जिथे १५ टक्के भाषक आहेत तिथे रेशन, दवाखाना आणि वनहक्काच्या सूचना त्या भाषेत, लेखी आणि कर्ण्यावरूनही. आणि तहसीलमध्ये, पोलीस ठाण्यात दुभाषी मागायचा हक्क, 'किंवा' नसलेल्या वाक्यात लिहिलेला.

गोव्याच्या कायद्याचं परीक्षण करायला बसलो होतो. शेवटी आमचं मत असं झालं, की तो कायदा वाईट नाही, अर्धवट आहे. त्यानं एका भाषेला मान दिला, दुसरीला वाट ठेवली आणि कोणालाच पक्की हमी दिली नाही. पण त्या कायद्याला नावं ठेवायचा आपला अधिकार किती? गोव्यात निदान दोन्ही भाषांची नावं कायद्यात लिहिलेली आहेत. आपल्याकडच्या राजभाषा कायद्यात गोंडीचं नावसुद्धा नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि सभागृहात कोणी गोंडी बोलणारे असतील तर त्यांनी आधी बोलावं, त्यांच्या भाषेत. कळलं नाही तर आम्ही विचारू.